सावलीला लपायची मुभा

माझे वडील कारखान्याच्या दक्षता विभागात होते, म्हणजे संशय घेण्याचा त्यांना पगार मिळायचा. मी तेच काम फुकटात करायचे. भाजीवाल्याचा काटा, वर्गातल्या पहिल्या नंबरचे मार्क, कशावरच माझा चटकन विश्वास बसत नसे. "हिच्यासमोर काही बोलू नका, चौकशी लावेल," असं आई पाहुण्यांना हसत सांगायची.

अकरावीत माझ्या संशयाला चांगलंच खाद्य मिळालं. पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये माझी मैत्रीण राहायची. तिच्या पुण्याच्या आतेभावाने तिला एका खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणि वीस बाजूंचा एक फासा दिला होता. खेळ म्हणजे खरं तर गोष्ट. एकीने ती सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. सांगणारी मैत्रीण. खेळणारे आम्ही तिघं, मी आणि समोरच्या लाइनीतले जुळे भाऊ. दर रविवारी दुपारी तिच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही बसायचो.

गोष्टीत एक ओसाड खाण होती आणि त्या खाणीत एक सावली. ती माणसाला शिवली की त्याची ताकद जायची. तिला पकडलं की मोहीम फत्ते, खेळ खलास. जुळ्यांच्या हातात तलवारी होत्या, माझ्या हातात कंदील.

आता भांडणाचं मूळ. बाकी कुणालाही लपायचं तर भिंत, खांब, काहीतरी आड लागतं. सावलीला मात्र मंद उजेडात किंवा अंधारात नुसतं उभ्या उभ्या लपायची मुभा होती.

"कंदील माझ्या हातात आहे, सावली समोर उभी आहे. लपेल कशी?" मी विचारलं.

"ती उजेडाच्या कडेला सरकली," मैत्रीण म्हणाली.

"मी टक लावून बघत असताना?"

"कडेला मंदच असतो ना उजेड."

"बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत लपता येतं, असं कुठे लिहिलंय?"

"येत नाही, असं कुठे लिहिलंय?"

"यार, तुम दोनों सीधे कोर्ट चली जाओ," जुळ्यांपैकी एक म्हणाला.

मी ती झेरॉक्स घरी नेली आणि वडील फायली वाचायचे तशी वाचून काढली. कडेच्या मंद उजेडात तिचं म्हणणं खरं होतं, पण कंदिलाच्या भरपूर उजेडात सावलीला कुठलीच सवलत नव्हती. पुढच्या रविवारी मी खडू घेऊन गेले. काडेपेटी म्हणजे कंदील, तिच्याभोवती खडूचं वर्तुळ, आणि चिंचोका म्हणजे सावली. चिंचोका वर्तुळाच्या आत सापडला की लपायचं नाही. मैत्रीण निमूटपणे कबूल झाली. मला तेही खटकलं.

कारण त्यानंतर सावली नियमाने नव्हे, नशिबाने सुटायला लागली. फासा मैत्रीण वहीच्या आडोशाला टाकायची, आकडा सांगायची आणि सावली निसटायची. दर वेळी! त्यात तिची बोटं. नखांच्या कडेला काहीतरी पांढरं लागलेलं असायचं. फाशावरचे कोरलेले आकडेही पांढऱ्या रंगाने भरलेले होते. शिवाय हल्ली ती आम्हाला पुढच्या खोलीत पाऊल टाकू देत नव्हती. पाणी मागितलं की, "बसा, मी आणते." म्हणजे आत दुसरा फासा होता आणि त्याच्यावर रंगरंगोटी चालली होती, याबद्दल माझी खात्री झाली. मला आनंद झाला. चोर सापडण्याच्या आधीचा आनंद आमच्या घराण्यातच होता.

त्या रविवारी ती पाणी आणायला उठली आणि मी तिच्या मागोमाग आत गेले.

पुढच्या खोलीत भिंतींवर काही नव्हतं. कॅलेंडर नव्हतं, तिच्या आजोबांचा फोटो नव्हता. जिथे खिळे होते तिथे बारीक पांढरे ठिपके होते, आणि खोलीभर टूथपेस्टचा वास. खिडकीत अर्धी पिळलेली ट्यूब पडली होती.

टाउनशिपमधल्या पोराला यापुढे काही सांगावं लागत नाही. क्वार्टर सोडताना खिळे उपटून भोकं टूथपेस्टने बुजवायची, म्हणजे ताबा घ्यायला येणारा माणूस कुरकुर करत नाही. आमचं आधीचं क्वार्टर सोडताना मीही बुजवली होती. आणि तीच पांढरी बोटं इतके रविवार बघून मला फासा आठवत होता.

ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"कधी?" मी विचारलं.

"शनिवारी. पुण्याला. बाबांनी व्हीआरएस घेतली."

"मला का नाही सांगितलंस?"

"आई म्हणाली, कुणाला बोलू नकोस. कळलं की लोक क्वार्टर बघायला यायला लागतात. आणि तुम्ही सगळे रडकी तोंडं करून बसला असतात. मला शेवटपर्यंत खेळायचं होतं. सावली सापडली असती तर कधीच संपलं असतं."

"म्हणजे फासा..."

"फासा चांगला आहे. आकडे मीच खोटे सांगत होते."

मला तिचा भयंकर राग आला. संशय खरा ठरला होता आणि त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता. ती जाणार होती. मला रडू येत होतं, ते मी तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी पिऊन गिळलं.

"पानी लेने हबीबगंज स्टेशन गई थीं क्या?" आम्ही परत आल्यावर जुळे ओरडले.

चिंचोका वर्तुळाच्या आत होता. भरपूर उजेडात, काडेपेटीच्या अगदी समोर. मैत्रिणीने मधली वही बाजूला केली आणि फासा सगळ्यांना दिसेल असा मांडला. आता तिला खोटं बोलता येणार नव्हतं.

"तुझी पाळी," ती म्हणाली.

"मी कंदील विझवते."

"पागल है क्या? सामने खड़ी है!"

मी काडेपेटी उचलून खिशात टाकली आणि तळहाताने खडूचं वर्तुळ पुसून काढलं.

"मग आता तिला लपता येतं," मैत्रीण हळूच म्हणाली.

"येतं," मी म्हणाले. "मी नियम वाचलाय."