मॅग्नेटोतलं तेल

मित्रहो, आज गंगापूर रस्त्याच्या माळावर मी फार वाईट वागलो.

आम्ही घरी बांधलेल्या विमानाचा पंखा फिरवून फिरवून हात दुखले, तरी इंजिन सुरू होईना. बघायला अर्धं गाव जमलेलं. मी सर्वांसमोर ओरडलो, "युसुफ, तू जोडलेली तारच ढिली!" तीन वर्षं माझ्यासोबत राबलेला हा घड्याळजी निघून गेला.

मग ठिणगी देणारा मॅग्नेटो उघडला. आत तेलच तेल, म्हणून ठिणगीच पडत नव्हती. काल मीच घातलेलं.

धावत त्याच्या घरी गेलो. "चूक माझी होती रे."

"हे चारचौघांत सांग," म्हणाला आणि दार लावलं.

परतलो, तर माळ रिकामा. म्हणून तुम्हां सर्वांना सांगतोय. एवढ्यानं भागेल का?