विश्वस्नेह मंडळाचे संस्थापक

आमच्या हिच्या मामांचे जगातल्या झाडून साऱ्या देशांशी उत्तम संबंध होते. भांडण होतं ते फक्त भारताशी, आणि त्यातही प्रामुख्यानं फरीदाबादमधल्या आपल्या गल्लीशी. दूधवाल्याशी ते बोलत नसत. शेजारच्या खुरानांशी गाडी लावण्याच्या जागेवरून रोज सकाळी खटका उडे. दिल्लीतल्या मराठी मंडळाचा राजीनामा ते दर गणपतीत देत. एका वर्षी तो स्वीकारला गेला, ते मात्र त्यांना फार लागलं. पण नॉर्वेच्या पंतप्रधानांना पडसं झाल्याचं बातम्यांत ऐकलं की हाच माणूस कासावीस होई.

देशाची दारं उघडली, मथुरा रोडवर परदेशी कंपन्यांच्या पाट्या लागल्या आणि निवृत्त मामांना जीवितकार्य सापडलं. "जावईबापू, माल येतोय, यंत्रं येताहेत. मैत्रीचं कोण बघणार? सरकार?" मैत्रीचं मामाच बघणार, हे उघड होतं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत 'विश्वस्नेह मंडळ' जन्माला आलं. संस्थापक, अध्यक्ष आणि चिटणीस मामा. मी उपाध्यक्ष, कारण त्या वेळी मी समोर बसलो होतो. मामी कार्यकारिणीत नव्हत्या. त्यांच्याकडे फक्त चहा, फराळ, सतरंज्या आणि मामा एवढीच खाती होती.

उद्घाटनाला परदेशी पाहुणा हवा होता. नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले एक कोरियन इंजिनियर मामांनी भाजीबाजारात कोबी निवडताना गाठले. आडनाव पार्क. मामांनी गल्लीभर जाहीर केलं, "इतवार को हमारे यहाँ पार्क आ रहे हैं!" खुराना तावातावानं बाहेर आले. "कोई पार्क-वार्क नहीं होगा यहाँ! गाड़ी मेरी ही खड़ी होगी!"

तरीही खुराना आले, घरच्या डझनभर खुर्च्याही घेऊन आले. मामांचं विश्वबंधुत्वावरचं भाषण रंगात आलं असताना ते पाहुण्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. मामा बंधुत्व अर्ध्यावर टाकून ओरडले, "उठिये! वो अध्यक्ष की जगह है!" खुराना उठले आणि आपल्या खुर्च्या घेऊन निघाले. त्यांवर बसलेला श्रोतृवर्गही मग उभ्याउभ्याच पांगला. मंडळ स्थापन झालं आणि चहा यायच्या आत बुडालं. राहिलो मामा, मामी, ही आणि मी, आणि काहीही न कळलेले पार्क, शांतपणे कोथिंबीरवडी खात.

पुढच्या रविवारी मामांची बेल वाजली. दारात पार्क, हातात लालभडक कोबीच्या लोणच्याची बरणी. "मीटिंग?" त्यांनी विचारलं. मामी म्हणाल्या, "या, पोहे टाकते."

मग ते येतच राहिले. मामा मराठीत बोलत, पार्क कोरियनमध्ये. एकदा पार्कनी खिशातून लहानग्या मुलीचा फोटो काढला आणि बराच वेळ काही सांगत राहिले. आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ न दिलेले मामा मान हलवत ऐकत होते. आपसूक 'साहेब' गळालं, 'अहो'चं 'अरे' झालं.

कारखान्याचं काम संपलं. विमानतळावर निरोपाचं भाषण मामांच्या खिशात होतं, पण हात तिकडे गेलाच नाही. त्यांनी पार्कच्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "पोचलास की फोन कर रे."

"हो मामा," पार्क म्हणाला.

परतताना बदरपूर मागे पडल्यावर मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जावईबापू, रविवारी मोकळे असता का हो तुम्ही?"