सासूबाईंचा अंगठा

आमच्या गच्चीवरच्या टाकीखाली दोन कॉक आहेत. एक स्वयंपाकघराचा, दुसरा अंगणातल्या नळाचा. घर मीच उभं राहून बांधून घेतलेलं. तेव्हा कोणता कॉक कशाचा हे मला ठाऊक असणारच, अशा थाटात मी त्यातला एक बंद केला, खाली आलो आणि अंगणातल्या गळक्या नळाचं डोकं पान्यानं फिरवून काढलं.

क्षणात माझा चष्मा तुळशीपाशी जाऊन पडला.

एप्रिल सरत आलेला. दारव्ह्यात आमच्या भागात नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते, आणि टाकी अर्धी. त्यातलंही थेंबाथेंबानं रोज बादलीभर जाई, म्हणून तर हा खटाटोप. आता तेच पाणी माझ्या कपाळावर आदळून अंगणभर धावत होतं. मी दोन्ही पंजे नळावर ठेवले. पाणी बोटांच्या फटीतून दुप्पट उत्साहानं बाहेर.

"अवो, दाबा नं!" बायको ओरडली.

"दाबूनच राह्यलो!"

ओसरीवर सासूबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मुकुटबनहून आठ दिवसांसाठी आलेल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या माझ्याशी थेट दहा वाक्यंही बोललेल्या नसतील. जावई दिसला की डोक्यावर पदर, आणि सांगायचं ते लेकीमार्फत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आल्या. मी आपोआप सरकलो. त्यांनी नळाच्या उघड्या तोंडात अंगठा घातला, आत कुठलीशी जागा चाचपली आणि दाबला.

पाणी थांबलं.

सत्तरी ओलांडलेली बाई, मनगट माझ्या निम्मं, आणि त्या एका अंगठ्यामागे अर्धी टाकी गप्प उभी!

"बाई," त्या लेकीला म्हणाल्या, तोंड भिंतीकडे, "त्याहिले म्हनावं, तो दुसरा कॉक बंद करा."

मी जिना चढलो तो पायऱ्या न मोजता.

परत आलो तेव्हा नळाचं डोकं त्यांच्या हातात होतं. त्याच्या बुडाशी असतो तो रबरी वायसर चेपून फाटला होता.

"कोनं तरी लय आवळला हा," त्या लेकीला दाखवत म्हणाल्या. "नळाले जोर नाही लागत वं."

तो 'कोनं तरी' तिथंच निथळत उभा होता. महिनाभर घरातल्या प्रत्येकाला मीच दटावत होतो, 'घट्ट बंद करत जा.'

मी बाजारातून नवा वायसर आणायची भाषा करेपर्यंत त्यांनी पायातली चप्पल काढली होती. तिच्या टाचेवर जुना वायसर ठेवला, नखानं गोल रेघ ओढली आणि पावशीच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर, कांदा फिरवावा तसं ते रबर फिरवलं. चकती पडली. तापल्या खिळ्यानं मधोमध भोक. अंदाज नाही, माप नाही, हातात घाई नाही.

"आईले कसं येते हे?" मी बायकोला हळूच विचारलं.

"गावची हापशी बंद पडली की मेकॅनिक चार-चार दिवस येत नसे. मग आईच चार बाया घेऊन पाइप वर काढे. चामड्याचे वायसर कापे."

बावीस वर्षं मला या बाईच्या हातचे फक्त वडे माहीत होते.

त्यांनी चकती बसवून नळाचं डोकं परत लावलं. मी वर जाऊन कॉक उघडला आणि धावत खाली आलो. नळाच्या तोंडाशी एक थेंब आला. फुगला. आम्ही तिघं श्वास धरून त्याच्याकडे बघत उभे. तो लोंबला, थरथरला, अन् पडला. दुसरा आलाच नाही. सासूबाईंनी नळ दोन बोटांनी उघडला, दोन बोटांनी मिटला. मिटलाच म्हणायचं, आवळला नाही.

एवढ्यात भिंतीवरून शेजारीण डोकावली. "केवढं पानी वाहून राह्यलं होतं वो! कोनं केला दुरुस्त?"

सासूबाईंनी पदर पुढं ओढला. "आमच्या जवाईबुवानं."

आणि त्या डाळीकडे परत निघाल्या. एका टाचेला भोक, त्यामुळे किंचित लंगडत.

मी बायकोकडे बघितलं. ती माझा चष्मा पदरानं पुसत होती. तो हातात देत म्हणाली, "पानी वाचलं, तुमची इज्जतही वाचली. गेली ते आईची चप्पल. तेवढी तरी आना, अन् पायाचं माप घेऊन जा. अंदाजानं नका जाऊ."