आबांनी पाहिलेलं मँचेस्टर

माझे सासरे कुणालाही पहिल्यांदा भेटले की राम राम म्हणायच्या आधी त्याची बाही चिमटीत धरत. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये कापड हलकेच चोळायचं, क्षणभर थांबायचं आणि मगच माणसाकडे बघायचं. शिरपूरच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म कापसाची प्रतवारी केली होती. ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमट्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब, किती चिवट ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर जिनिंग सुटलं, चिमटी सुटली नाही. मला बघायला जळगावला आले तेव्हा बाकीचे माझ्या शिक्षणाची चौकशी करत होते आणि आबा माझ्या पदराचं टोक चोळत बसले होते. शेवटी म्हणाले, "सूत बेस शे," म्हणजे सूत चांगलं आहे. लग्न तिथेच ठरलं, असं आमच्या घरी अजून सांगतात.

लग्नानंतर मी आणि योगेश मँचेस्टरला आलो. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळे आबा शिरपुरात एकटेच. अशात धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तोही बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं ते म्हणाले. योगेशने फोन ठेवला. मग उठला आणि एका कागदावर यादी करून त्याने ती फ्रिजवर चिकटवली. चित्रांचं दालन, जुनं ग्रंथालय, फुटबॉलचं मैदान, नाटकगृह, कालव्यातली बोट, कापसाचं संग्रहालय. माझा नवरा तोंडाने प्रेम बोलून दाखवणाऱ्यांतला नाही. त्याचं प्रेम यादीत असतं. "दिसतंय तोवर त्यांना सगळं दाखवायचं," एवढंच म्हणाला, आणि स्वतः जाऊन आबांना सहा महिन्यांसाठी घेऊन आला.

आता आबांना घेऊन शहर बघायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. मँचेस्टरमध्ये बरीचशी संग्रहालयं फुकट आहेत. दार उघडं, कुणीही यावं. आबांना ते पटेना. दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि घरच्या माणसाला विचारायचंही नाही, ही कुठली रीत? त्यामुळे दारातल्या रखवालदाराला राम राम घातल्याशिवाय ते पाऊल पुढे टाकत नसत. त्याच्या कोटाची बाही तपासून होई, घरी कोण कोण आहे याची चौकशी होई, आणि दुभाष्याचं काम माझ्याकडे. निघतानाही तेच. "येतो भाऊ," असं सांगून, तो 'या' म्हणेपर्यंत आबा दारात उभे. महिन्याभरात चित्रांच्या दालनातला एक उंच रखवालदार आम्ही दिसलो की आपणहून बाही पुढे करू लागला. योगेश लाजेने अर्धा व्हायचा. मला मात्र मजा वाटायची.

नाटकगृहात योगेशने लांबून का होईना, पण मधोमधच्या खुर्च्या धरल्या होत्या. गाण्यांचं नाटक, शंभर दिवे, फिरता रंगमंच. मध्यंतरात आबा गायब. शोधलं तर रंगमंचाशी जाऊन पडद्याचा काठ चोळत उभे. आमच्याकडच्या तमाशाच्या कनातीपेक्षा हा जड आहे, पण सूत कापसाचंच आहे, असा निकाल घेऊन परत आले. मैदानावर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, गवताला हात लावायला कुणालाच परवानगी नाही. आबा हिरमुसले. गवताला हात लावायचा नाही तर गवत लावलं कशाला, हा त्यांचा प्रश्न मी काही भाषांतर करून विचारला नाही.

चित्रांच्या दालनात मात्र ते शहाण्यासारखे वागत. योगेशचा दंड धरून प्रत्येक चित्रासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "भारी शे." योगेशचा चेहरा उजळायचा. एकदा ते आग लागल्यास कुठून पळायचं त्या पाटीलाही "भारी शे" म्हणाले. योगेश पुढे गेला होता. मी हसले, आणि मग वळून ती पाटी पुन्हा पाहिली.

कापसाचं संग्रहालय यादीत शेवटी होतं. त्या दिवशी योगेशला सुट्टी मिळाली नाही, आम्ही दोघेच गेलो. जुन्या गिरणीची यंत्रं तिथे अजून चालवून दाखवतात. सत्तरीची एक बाई सूतकताई कशी व्हायची ते सांगत होती. यंत्रं थांबली तेव्हा आबांनी मान वर करून वास घेतला, दोरीपलीकडे हात घातला आणि कापसाच्या भल्यामोठ्या उघड्या गाठीतून चिमूटभर कापूस उपटला. हात लावू नये, अशी पाटी अगदी त्यांच्या कोपराजवळ होती. मी त्यांना मागे ओढेपर्यंत त्यांनी तो दोन्ही चिमट्यांत धरून ओढला, परत जुळवला, परत ओढला. गाठीवरच्या फळीवर हिंदुस्थानचा कापूस असं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. आबांनी मान हलवली. आपला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा, हा लांब धाग्याचा, तेव्हा हा आपला नव्हे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

बाई आमच्याकडेच येत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण आधी तिला त्यांचं म्हणणं सांगावं लागलं, कारण आबा माझ्याकडे बघत थांबले होते. बाई त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली की फळी खूप जुनी आहे, त्या गाठीतला कापूस केव्हाच संपला, आता दाखवण्यापुरता अमेरिकेचा भरतात. इतक्या वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. तिची आई याच गावच्या गिरणीत होती आणि अशीच चिमटीत धरून सूत बघायची. तिने दोरी काढली आणि आबांचा हात धरून त्यांना आत नेलं. पुढचा तासभर दोघं एकमेकांना कापूस ओढून दाखवत होते. मला कुणी काही विचारलं नाही. निघताना तिने त्यांच्या मुठीत कापसाचा एक पुंजका ठेवला.

बाहेर बाकावर आबा पुंजका कुरवाळत बसले. मी म्हटलं, आबा, आज तुम्ही खूश दिसता. ते म्हणाले, "आज पहिल्यांदा काही देखं मी, बेटा. माले नीट दिसत नही. इथं येवाना आधीपासून."

म्हणजे ती चित्रं, ते रंगमंचावरचे दिवे, ते मैदान, सगळं धुकं होतं. मला रडू आलं, आणि रागही आला. निदान मला तरी सांगायचं.

"योगेशले सांगू नको," ते म्हणाले. "तो दखाडस, म्हनीसन मी देखस."

तो दाखवतो म्हणून आबा बघत होते; मी शब्द दिला. उरलेले दोन महिने यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पण आता मी त्यांच्या कानाशी बोलत असे. भिंतीवर काय आहे, चित्रातल्या बाईने काय नेसलंय, घोडा कुठल्या रंगाचा. कंटाळा आला की पदरचंही घालायची. एका रडक्या चेहऱ्याच्या राणीला मी निळं पातळ नेसवलं आणि कडेवर मांजर दिलं. आबा सगळं मन लावून ऐकायचे आणि संध्याकाळी योगेशला जसंच्या तसं सांगायचे. मांजर ऐकून योगेशने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्या लाटत राहिले.

ते शिरपूरला परतले आणि वर्षभरात उरलासुरला उजेडही गेला. पण ओटा ओस पडला नाही. शिरपूर-एरंडोलची बरीच पोरं आता मँचेस्टरला आहेत. त्यांचे आईबाप निघाले की आधी आबांकडे यायचे, तिथे काय बघायचं ते विचारायला. आबा डोळे मिटून दालनामागून दालन सांगायचे. मग बजावायचे, "दारवाला भाऊले राम राम करा. आन निळ्या पातळवाली राणी चुकवू नका." ती बिचारी माणसं कुठल्या राणीला शोधत हिंडली असतील, देव जाणे.

यंदा आबा गेले. आम्ही पोहोचलो तोवर तिसरा दिवस उजाडला होता. दिवा अखंड ठेवायचा, पण वाती संपत आल्या होत्या. घरात कापूस शोधताना आबांच्या सदऱ्याच्या खिशात कागदात गुंडाळलेला तो पुंजका सापडला. चिमटीत धरून धरून करडा झालेला. मी समईपाशी बसून त्याची वात वळायला घेतली. योगेश शेजारी येऊन बसला आणि हा कुठला कापूस, असं त्याने विचारलं.

दिलेला शब्द ज्यांना दिला तेच आता नव्हते. मी त्याला सगळं सांगितलं. धुकं, कापसाची बाई, राणीचं मांजर, सगळं. 

"मग सहा महिने मी त्यांना काय दाखवलं?" तो म्हणाला.

मी त्याला आबांचं वाक्य सांगितलं, त्यांच्याच बोलीत. "तो दखाडस, म्हनीसन मी देखस."

योगेशने माझ्या हातातली वात घेतली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरून हलकेच ओढून पाहिली, आणि मग रडला.