काठ सरळ येईपर्यंत

आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. बाराव्यापर्यंत चहा केला, भांडी आवरली, आल्यागेल्याला एसटीच्या वेळा सांगितल्या आणि सावंतवाडीला शाळेत परत रुजू झाले. घट्ट मनाची आहे, असं लोक म्हणाले. घट्ट कसलं, आत काही हलतच नव्हतं.

तीनेक महिन्यांनी आचऱ्याला घरी गेले, तर बाबा म्हणाले, "गो, चतुर्थीची फुगडी माका बघूची आसा."

आई जायच्या आधीच्या त्या गणेशचतुर्थीला मी हौसेने शाळेचा कॅमेरा घरी आणला होता आणि तीन तास शूटिंग केलं होतं. बाबांना मोबाइल जमत नाही. हातात घेतला की कुणाला तरी फोन लागतो. डीव्हीडीच्या मशीनची बटणं मात्र त्यांना पाठ आहेत, भजनांच्या डिस्क ते स्वतः लावतात. म्हणून मालवणच्या एका स्टुडिओवाल्याकडून डिस्क करून आणली.

चित्र भयंकर होतं. कॅमेऱ्यात दूर्वांची पाती मोजता येत होती, इथे माणसांच्या तोंडांचे नुसते चौकोन. फुगडी सुरू झाली की ज्याच्या त्याच्या कडेला फणीसारखे दाते फुटायचे. बाबांनी चष्मा पुसला. मग डिस्क काढून पंच्याने पुसली.

"तुझ्या आवशीचा तोंड खंय दिसता?" त्यांनी विचारलं.

मी तणतणत मालवणला गेले. स्टुडिओवाला मान वर न करता म्हणाला, "मॅडम, तुमच्या शूटिंगमध्येच दोष असतलो." माझं डोकंच फिरलं. त्याला शूटिंग भरून दिलेला पेनड्राइव्ह उचलला आणि ठरवलं, आता हे मीच करणार.

तीन रविवार लॅपटॉपला चिकटून होते. चूक साधी होती. पडद्यावरचं चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. आधी कुठल्या, यावर कॅमेरा आणि डिस्क यांचं एकमत लागतं. त्या गृहस्थांचा कॉम्प्युटर अजून जुन्या टेपच्या हिशेबाने चालत होता, त्यामुळे ओळींचा क्रम उलटा झालेला. वर तीन तास एकाच डिस्कमध्ये कोंबलेले, म्हणून तोंडांचे चौकोन. मी क्रम बदलला, आरती आणि फुगडी तेवढी ठेवली.

तपासायला एकच खूण धरली, आईच्या हिरव्या साडीचा लाल काठ. ती गरगर फिरताना काठाला दाते दिसले की डिस्क बाद. एकेक चित्र थांबवून बघायचं. आईकडे नाही, काठाकडे. मला ते फार बरं पडलं. तिसऱ्या रविवारी काठ सरळ आला आणि कितीतरी दिवसांनी मला आनंद झाला.

पुढच्या सुट्टीत बाबांसमोर डिस्क लावली. आई आणि काकी हात धरून फिरत होत्या. चित्र लख्ख होतं. मी बाबांच्या शाबासकीची वाट बघत होते.

मग आईने मध्येच हात सोडला. आधीच्या डिस्कवर ती हसायला थांबली असं वाटायचं. ती हसत नव्हती. एका हाताने खांब धरला होता, दुसरा छातीवर दाबला होता. ओठ पांढरे पडले होते. तिने सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बंद कर गो ता आता."

आणि मी बंद केलं नव्हतं. लाजते आहे असं समजून उलट झूम करून तिचा चेहरा आणखी जवळ घेतला होता.

पुढे पौषात, सकाळी चुलीपुढे बसलेली ती तिथेच कलंडली. डॉक्टर म्हणाले होते, हृदय आधीपासून कमजोर असणार. आम्हांला काहीच दिसलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

बाबांनी चित्र थांबवलं.

"तेव्हा तुका दिसला नाय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नाय," मी म्हटलं.

"पयलीच सीडी बरी होती गो. ती लाव."

मी लावली. चौकोनी तोंडाची आई दाते फुटलेल्या साडीत गरगर फिरू लागली, थांबली, हसल्यासारखी दिसली. बाबा खुर्चीत मागे टेकून बसले. त्या चौकोनांत तिचा हात नेमका कुठे आहे, ते आता मला ठाऊक होतं.