कात्रजच्या चढावरचा आकडा

बायको वारली त्याच्या पुढच्या वर्षी गाडी चढावर धापा टाकायला लागली. मार्केट यार्डाजवळचा मेकॅनिक म्हणाला, "टर्बोचा दाब कमी पडतोय. हे मीटर लावून देतो, कात्रजचा घाट चढून या. तुम्ही गाडी चालवा, शेजारच्याला आकडा बघू दे."

शेजारचा आणायचा कुठून? सोसायटीत विचारायची सोय नव्हती. 'विनाकारण बेल वाजवू नये' ही माझ्या दारावरची पाटी वाचून सगळे कधीच शहाणे झाले होते. शेवटी मीटरसमोर मोबाइल बसवला, व्हिडिओ चालू केला आणि एकटाच घाट चढून आलो.

मेकॅनिकने व्हिडिओ लावला. आकडा जेमतेम वर सरकत होता आणि मागून माझा आवाज येत होता, "बघतेस ना? किती झाला? अगं, सांग की."

असं काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

त्याने बॉनेट उघडून टर्बोचा पाइप चाचपला. "इथं चीर गेलीय, हवा बाहेर पडतीये," तो म्हणाला. मग सहज विचारलं, "वहिनी काहीच बोलल्या नाहीत?"

"मी चिडलो की ती बोलत नाही," मी म्हणालो.