पोट दिसलं की थांबायचं

गेल्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या गाडीनं माझ्याच डाळमिलच्या फाटकाचा खांब पाडला. गाडी मागे घेताना धाकटा भाऊ तिथंच उभा होता. सगळं बघत होता, पण "थांब" म्हणाला नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याची गरजच उरू नये म्हणून लातूरला जाऊन गाडीत पडद्याचा टेप आणि मागचा कॅमेरा बसवून घेतला.

बसवणारा मिस्त्री पोट सुटलेला, दातात स्क्रू धरून बोलणारा. मी तासभर घासाघीस केली. तो नुसता मान हलवत वायरी जोडत राहिला. काम झाल्यावर म्हणाला, "घ्या मागं," आणि स्वतःच मागे जाऊन डिकीवर थापा मारू लागला. "येऊ द्या, येऊ द्या!"

पडद्यावर त्याच्या शर्टाचं बटण तेवढं दिसत होतं. मी भडकलो. "अहो, बाजूला व्हा! नुसतं तुमचं पोट दिसून राहिलंय."

"पोट दिसलं की थांबायचं."

"मग कॅमेरा कशाला घेतला मी?"

त्यानं दातातला स्क्रू काढला. "कॅमेरा दाखवतो, मालक. थांबा म्हणत न्हाई. त्याला माणूसच लागतो."

एवढी घासाघीस करणारा मी, पण मुकाट पैसे मोजून दिले आणि मिलकडे निघालो.

संध्याकाळी मिलवर गाडी मागे घेताना पडद्यावर भाऊ दिसला. हाताची घडी घालून, गप्प. मीही हट्टानं इंच इंच मागे येत राहिलो. त्याचं पोट पडद्यात मावेना, तेव्हा डिकीवर जोरात थाप पडली.

"थांब की, दादा!"

मी थांबलो.